‘फुलें वेंचितां’ रंगवताना

हिवाळा लागला की सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनांची धांदल सुरू होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी. ग्रंथदिंडी, मांडव, कविसंमेलन आणि व्यासपीठाच्या बाजूला एखाद्या ओळीवर काढलेलं चित्र. १९४६ साली बेळगावच्या अखिल भारतीय संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून इथे ‘साहित्य संमेलन’ या शब्दाला वेगळंच वजन आहे, त्यामुळे चित्र काढायला माणसं हौसेने पुढे येतात. संमेलन दिवसभरात संपतं. चित्र मात्र गावच्या वाचनालयात जातं आणि वर्षानुवर्षं तिथल्या भिंतीवर राहतं. मांडवाची सजावट म्हणून घाईने उरकलेलं चित्र तिथे दुसऱ्याच पावसाळ्यात उघडं पडतं.

ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते. ज्ञानदेवांची.

मोगरा फुलला मोगरा फुलला ।
फुलें वेंचितां बहरु कळियांसी आला ॥

इवलेंसें रोप लावियलें द्वारीं ।
त्याचा वेलु गेला गगनावेरीं ॥

आणि चित्रही ठरलेलं असतं. मधोमध परातीएवढं पांढरं फूल, मागे निळं आभाळ, एका कोपऱ्यात समाधी किंवा वीणा, खाली लाल अक्षरांत अभंग. फूल चांगलं जमलेलं असलं तरी अशा चित्रात ओळीतलं काहीच घडत नाही. मोगरा आहे एवढंच कळतं, आणि ते तर खाली लिहिलेलंच आहे.

ओळीवरून चित्र काढायचं तर ओळीतली नामं बाजूला ठेवावीत आणि क्रियापदं मोजावीत. वरच्या चार चरणांत पाच निघतात: फुलला, वेंचितां, आला, लावियलें, गेला. यातलं एकच घ्यायचं. पाचही घेतली की चित्राचं कॅलेंडर होतं.

याचा उत्तम धडा राजा रविवर्म्याच्या शकुंतलेत आहे. पायातला काटा काढायच्या मिषाने सखीच्या खांद्यावर हात ठेवून मागे वळून बघणारी शकुंतला सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ते चित्र एका श्लोकावरून आलंय हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो की ती चार पावलं गेली, पायाला दर्भाचा अंकुर टोचला म्हणून एकदम थांबली, आणि फांदीत न अडकलेलं वल्कल सोडवत मागे वळून पाहत राहिली. श्लोकात बहाणे दोन आहेत, दर्भाचा आणि वल्कलाचा. रविवर्म्याने पायाचा तेवढा ठेवला आणि वल्कल सोडून दिलं. दुष्यंतही चौकटीत नाही, ती बघते त्या दिशेला कुठेतरी तो आहे. श्लोक पूर्ण रंगवायचा हट्ट धरला असता तर एका बाईला एकाच वेळी पायही उचलावा लागला असता आणि फांदीही धरावी लागली असती.

मोगऱ्याच्या अभंगातही तीच अडचण आहे. पहिल्या कडव्यातली गोष्ट हाताच्या अंतरावरची आहे, बोटं आणि कळ्या. दुसऱ्यातली दारापासून आभाळापर्यंतची. दोन्ही एका फळीवर आणली की कळी मोहरीएवढी होते, नाहीतर आभाळ रुमालाएवढं. म्हणून आधी ठरवा. जवळून बघायचं मध्यम आकाराचं चित्र असेल तर ‘वेंचितां’, उंच भिंत मिळणार असेल तर ‘गेला’. पहिलं जास्त अवघड आहे आणि जास्त चांगलंही, त्यामुळे इथे त्याचंच विस्ताराने सांगतो. दुसऱ्याचं पुढे थोडक्यात येईल.

आधी झाड बघा

बेळगाव-खानापूरकडे दारात मोगरा नसलेलं घर शोधावं लागेल, तरी मोगऱ्याची चित्रं मात्र मोबाइलवरचे फोटो बघून काढली जातात. त्यातून हमखास एक चूक येते, ती म्हणजे फूल मोगऱ्याचं आणि पानं जाईची. जाईचं पान संयुक्त असतं, एका देठावर समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या. मोगऱ्याचं पान एकटं, रुंद, चकचकीत, आणि काडीवर समोरासमोर दोन (क्वचित एका पेरावर तीन). कळीच्या पाठीला गुलाबी झाक दिली तर तीही जाई झाली. मोगऱ्याची कळी पांढरी असते, देठाकडे किंचित हिरवट. फूल शिळं व्हायला लागलं की कडा तांबूस-जांभळट होतात, पण तो रंग कळीचा नाही, वयाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. मोगऱ्याचं फूल काडीच्या टोकाला येतं, बहुधा तिनाच्या गुच्छात. मधली कळी आधी फुलते, बाजूच्या दोन मागून येतात. सकाळी मधलं फूल खुडलं की पाकळ्यांची नळी सहज सुटून हातात येते आणि काडीवर उरतो तो हिरवा कप, सात-आठ बारीक दोऱ्यांसारख्या टोकांचा. एखादी हिरवी चांदणी म्हणा. तिच्या दोन्ही बाजूंना दोन कळ्या, फुगत आलेल्या.

‘फुलें वेंचितां बहरु कळियांसी आला’ हे सगळंच्या सगळं या तीन इंचांच्या टोकावर आहे. मध्ये रिकामी हिरवी चांदणी, बाजूला दोन भरलेल्या कळ्या. वेचलेलं दिसतं आणि येणारंही दिसतं. माळीही हेच सांगेल की टोकं खुडत राहा, छाटणी करा, नवे फुटवे येतील, आणि मोगरा फुलतो तो नव्या फुटव्यावर. अभंगातली ही ओळ झाडाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. तिचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकार सांगतील. चित्रकाराने ती चांदणी सोडू नये, एवढंच.

तेव्हा झाडासमोर बसून पेन्सिलने निदान पंधरा-वीस टोकांची रेखाटनं करा. फुलं खुडायच्या आधीचं आणि नंतरचं, एकाच टोकाचं. बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे समोर बघून काढायला शिकवणारे गुरू होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. त्या गावात मोगऱ्याचा फोटो गुगलवरून घेणं म्हणजे जरा लाजिरवाणंच.

मोगरा उन्हाळ्यात भरात असतो आणि चित्र लागतं हिवाळ्यात. म्हणजे रेखाटनं मार्च ते मेमध्ये करून ठेवायला हवीत. डिसेंबरात झाडावर पानं मिळतील, टपोऱ्या कळ्या नाहीत.

फळी आणि अस्तर

आकार ३० इंच उंच, २४ इंच रुंद. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून असे सहा तुकडे निघतात (करवतीची वाट धरून प्रत्येक तुकडा दोराभर कमी), म्हणजे शाळा किंवा मंडळाने मिळून घेतलं तर परवडतं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण आपल्याकडच्या पावसात त्याच्या कडा पाणी पिऊन पापडासारख्या फुगतात. खानापूरकडच्या गावांत तर त्याचा विचारच करू नका. कॅनव्हास चालतो, मात्र जून ते सप्टेंबर तो सैल पडतो, मागून बुरशी धरते, आणि वाचनालयात त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी नसतं.

प्लायला २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, पुसून, पुढून-मागून आणि चारही कडांना अ‍ॅक्रिलिक मीडियमचे (रंग न घातलेल्या अ‍ॅक्रिलिक चिकटद्रवाचे) दोन हात द्या. ही पायरी सगळे गाळतात. लाकडातला तांबूस-पिवळा अर्क पाण्याबरोबर वर येतो आणि पांढऱ्या अस्तरात चहाच्या डागासारखा उतरतो. पांढऱ्या फुलांच्या चित्रात असा डाग कुठे येईल ते सांगता येत नाही. त्यानंतर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर हलकं घासायचं. शेवटच्या हातानंतर एक दिवस थांबा.

जेसोऐवजी भिंतीची पुट्टी लावणारे खूप आहेत. पुट्टी रंग शोषते, त्यामुळे वरचा रंग मेल्यासारखा दिसतो, आणि फळी जराशी वाकली की तिला केसासारखे तडे जातात. डिस्टेंपर तर हाताला पूड लागेल इतकं सुटतं. वाचवलेले दोन-तीनशे रुपये चित्राच्या मुळावर येतात.

तेलरंग की अ‍ॅक्रिलिक? या विषयासाठी अ‍ॅक्रिलिक. जवसाच्या तेलात घोटलेला पांढरा अंधाऱ्या जागी पिवळट पडत जातो, आणि आपली वाचनालयं उजेडासाठी प्रसिद्ध नाहीत. शिवाय ओल्या हवेत तेलरंग वाळायला अंत पाहतो.

मांडणी

झाड आकाराच्या अडीच ते तीन पट मोठं काढा. अर्ध्या-पाऊण इंचाची कळी मग दीड-दोन इंचांची होते आणि आठ-दहा फुटांवरून वाचता येते. चारपटीच्या पुढे गेलं की मोगरा मोगरा राहत नाही. बटमोगरा तर सरळ गुलाब दिसायला लागतो.

तीन टोकं पुरतात. मुख्य टोक चित्राच्या मध्यापासून थोडं वर आणि उजवीकडे: मध्ये रिकामी चांदणी, बाजूला दोन फुगलेल्या कळ्या. दुसरं टोक डावीकडे खाली: एक उमललेलं फूल, त्याच्या बगलेत दोन लहान कळ्या. तिसरं वर, चौकटीच्या कडेजवळ: कोवळा फुटवा, त्यावर मुगापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत आकाराच्या पाच-सात कळ्या. बाकी पानं. उमललेलं फूल संपूर्ण चित्रात एकच. दोन केलीत तर नजर फुला-फुलांत फिरते आणि चांदणी कोणाला दिसत नाही. हा हिशोब पाळायला सगळ्यात जड जातो, कारण फूल रंगवायला मजा येते.

हात दाखवायचा का? शक्यतो नको. बांगड्या भरलेला हात आला की लोक बांगड्या बघतात. अगदीच हवा असेल तर चौकटीच्या खालच्या कडेतून येणारी दोन बोटांची टोकं, सावलीत, आणि चांदणीपासून निदान चार बोटं लांब. खुडणं होऊन गेलेलं असलं पाहिजे. परडी, तांब्या, निरांजन काहीही नको.

पार्श्वभूमी ही या चित्रातली खरी लढाई. पांढरं फूल निळ्या आभाळावर टाकलं की बुडतं, कारण दोघंही उजळ. मग चित्रकार घाबरून फुलाला काळी बाह्यरेषा मारतो आणि चित्राचा विवाहपत्रिकेचा छाप होतो. मागे पावसाने भिजलेली जांभ्या दगडाची भिंत घ्या, सावलीतली. आपल्या पश्चिम पट्ट्यात ती जागोजाग आहे, गडद आहे, आणि तांबूस असल्यामुळे हिरव्याला उठाव देते. काळा १ आणि पांढरा १० धरला तर भिंत ३ ते ४ वर ठेवा, पानं ४ ते ६, फुलाची सावली ७, फुलाचा उजेड ९. १० म्हणजे ट्यूबमधला कोरा पांढरा. तो संपूर्ण चित्रात तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन-चार ठिपक्यांतच. रंगवताना डोळे बारीक करून बघा, किंवा मोबाइलने फोटो काढून काळा-पांढरा करा. त्यात कळ्या भिंतीपासून लगेच सुटून दिसल्या नाहीत तर भिंत अजून गडद हवी. फूल अजून पांढरं करून काही होत नाही, कारण पांढऱ्याच्या पुढे रंगच नाही.

रंग

सात ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, यलो ऑकर, लेमन यलो, थॅलो ग्रीन. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समान घेतले की काळ्याच्या जवळ जाणारा, पण जिवंत गडद मिळतो.

सगळ्या फळीवर आधी बर्न्ट सिएना आणि रॉ अंबरचा पातळ हात फिरवा. कोऱ्या पांढऱ्यावर काम सुरू केलं की प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात आपोआप फिकट जातो. त्यावर खडूने मांडणी.

भिंत: बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग, अल्ट्रामरीन अर्धा भाग. दोन हात. जांभ्याची छिद्रं सगळीकडे सारखी टोचत बसू नका. फुलांपासून लांब, एका कोपऱ्यात वीस-पंचवीस छिद्रं नीट काढली की बाकीची भिंत बघणाऱ्याचा डोळाच भरून घेतो.

पानं: थॅलो ग्रीन थेट वापरलं की प्लास्टिकचं तोरण. अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि थोडा लेमन यलो यांतून मुख्य हिरवा करा, थॅलोचा त्यात फक्त सुईच्या टोकाएवढा अंश. जुन्या पानात अल्ट्रामरीन वाढवा, फुटव्याच्या पानात लेमन यलो. आता चकाकी. मोगऱ्याच्या पानावरची चकाकी पिवळी नसते, ती आभाळाची असते, म्हणजे निळसर-राखाडी. पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा अंश घालून, जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने शिरेच्या एकाच बाजूला ओढा. दोन्ही बाजूंना ओढली की पान कागदी होतं.

फुलाची सावली: पांढरा वाटाण्याएवढे आठ गोळे, त्यात अल्ट्रामरीन अर्धा आणि बर्न्ट सिएना पाव. जो राखाडी येईल त्याच्या तीन वाट्या मनात करा. एक तशीच, एकीत पानातल्या हिरव्याचा ठिपका, एकीत यलो ऑकरचा. पानाजवळची सावली हिरवट, भिंतीकडची उबदार, आभाळाकडची तशीच. पांढरं फूल पांढऱ्या रंगाने होत नाही, या तीन राखाड्यांनी होतं. उजेडासाठी पांढऱ्यात लेमन यलोचा अगदी अंश. कळीच्या बुडाशी हिरवट, टोकाकडे उजळ, आणि पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेल्या असतात तो पीळ एकाच बारीक राखाडी रेषेने. दोन रेषा झाल्या की कळीचा कांदा होतो.

क्रम असा: भिंत, मागची पानं, पुढची पानं, चांदणी, कळ्या, शेवटी एकमेव फूल. गडदावर पांढरा एका हातात झाकत नाही म्हणून लोक त्यात पाणी ओतून दोन-तीनदा फासतात. जास्त पाण्याने रंगातला चिकटद्रव विरतो, मग पांढरा खडूसारखा उठतो आणि बोट फिरवलं तरी निघतो. पाणी कमी ठेवून तीन पातळ हात द्या, प्रत्येक वाळल्यावर दुसरा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो हेही लक्षात असू द्या. मिसळलेल्या रंगाचा ठिपका आधी प्लायच्या तुकड्यावर लावून वाळवून बघावा, विशेषतः सावलीच्या राखाडीचा. ओला असताना तो बरोबर वाटतो आणि वाळल्यावर फूल मळकं दिसतं.

मार्च-एप्रिलमध्ये काम करत असाल तर रंग थाळीतच दहा मिनिटांत कातडं धरतो. पसरट डब्यात ओला टिश्यू, वर बटरपेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो.

चांदणीबद्दल आणखी एक. ती हिरव्या पानांत हरवते. तिच्या मागे पान येऊ देऊ नका, थेट गडद भिंत येऊ द्या, आणि तिच्या दोऱ्यांच्या टोकांवर लेमन यलो मिसळलेला उजळ हिरवा द्या. आठ दोरे काढायला शून्य नंबरचा ब्रश लागतो, आणि हात स्थिर नसेल तर काठीचा आधार घ्या. ही चित्रातली सगळ्यात छोटी गोष्ट आणि अख्खं चित्र तिच्यावर टांगलेलं.

‘गेला गगनावेरीं’ घेतलंत तर

फळी उंच हवी, ४८ बाय ३६ इंच. इथे चूक एकच होते, पण मोठी. राक्षसाच्या गोष्टीतल्यासारखा जाडजूड वेल ढगात घुसवतात. मोगरा मुळात अर्धवट वेल, अर्धवट झुडूप. काकडी-दोडक्यासारखे कुरळे तंतू त्याला नसतात, तो नुसता आधारावर रेलत जातो. त्याला आभाळात न्यायचं तर नजर खाली आणा.

बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून दोन फुटांवर धरा, म्हणजे उंबऱ्यासमोर बसलेल्या मुलाचा. डोळ्याची रेषा फळीच्या तळापासून ८ इंचांवर. दाराचा तळ ४ इंचांवर. म्हणजे दारापाशी ४ इंच बरोबर २ फूट झाले, सहा फुटी दार १२ इंचांचं, आणि त्याचा माथा तळापासून १६ इंचांवर आला. आठ फुटांवरची वळचण २० इंचांवर. वर २८ इंच मोकळं आभाळ उरतं, वेलाला तेवढं पुरे. बुडाजवळ पान पाऊण इंचाचं, वळचणीपाशी पाव इंचाचं, सगळ्यात वर नुसते ठिपके. हे लहान होत जाणं एकसारखं साधलं की उंची आपोआप दिसते, ढग लागत नाहीत. आभाळ मात्र फिकट निळं नको. संध्याकाळचं, गडद, नाहीतर फुलं पुन्हा बुडाली.

दार आपल्या गावचं असू द्या. खानापूरकडे जांभा आणि उतरती कौलं, चिकोडी-निपाणीकडे काळा दगड, अथणीकडे धाब्याचं सपाट माळवद. माळवदावरून वेल वर जातो तेव्हा आभाळाची रेषा सरळ मिळते, आणि खरं सांगायचं तर मांडणीला तेच सगळ्यात सोपं.

अक्षरं

ओळ चित्रावर लिहू नका. चित्राखाली २४ इंच लांब, ६ इंच उंच वेगळी पट्टी करा. चित्रावर अक्षरं आली की बघणारा आधी वाचतो, आणि वाचून झालं की बघत नाही.

पाठ कुठलाही घ्या, पण एकच घ्या. ‘वेंचितां’ आणि ‘वेचिता’, ‘गगनावेरीं’ आणि ‘गगनावरी’ असे पाठभेद छापील प्रतींत मिळतात. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून कोणी सगळेच उडवतो, कोणी सगळे ठेवतो. दोन्ही चालेल. ‘फुले वेंचितां’ चालणार नाही, कारण त्यात अर्धी ओळ जुनी आणि अर्धी नवी झाली. ‘बहरु’ आणि ‘वेलु’ यांचा उकार ऱ्हस्व आहे. पाटीवाल्यांच्या हाताला ‘रू’ची सवय असते, तो हमखास ‘बहरू’ लिहितो. समोर प्रत ठेवून, उलट्या क्रमाने, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत तपासा. सरळ वाचताना डोळा पाठ असलेलं वाचतो, लिहिलेलं वाचत नाही.

ओळ मोडायची ती ‘फुलें वेंचितां’ नंतर. ‘बहरु’ वरच्या ओळीत गेला की लयही तुटते आणि अर्थही. खालच्या ओळीत नऊ अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा, म्हणजे अकरा घरं. दोन्हीकडे २ इंच सोडले तर २० इंच उरतात, एका घराला पावणेदोन इंचांहून थोडं जास्त. अक्षराची उंची सव्वा इंच ठेवा आणि ब्रश पाव इंचाचा चपटा, म्हणजे उंची ब्रशच्या पाचपट. त्याहून जाड ब्रश घेतला तर ‘ळि’च्या पोटातली जागा बुजते. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार यांच्यासाठी जागा धरली की एका ओळीला अडीच इंच लागतात. पट्टी सहा इंचांची सांगितली ती म्हणूनच.

आधी कागदावर पूर्ण आकारात लिहा, मग छाप घ्या. शिरोरेघ शेवटी मारा, आधी मारली की अक्षरं तिला लटकवल्यासारखी येतात आणि अंतरं चुकतात. वेलांटीत वेल आहेच, तिला पानं फोडायचा मोह टाळा. अगदीच राहवलं नाही तर ‘सी’च्या एका वेलांटीला किंचित लांब जाऊ द्या. एकदाच. अक्षरांचा रंग कळीच्या उजेडाचा, पट्टी भिंतीच्या गडदाची. लाल नको.

लावायचं कसं

दोन आठवडे वाळू द्या, मग मॅट व्हार्निशचा एक पातळ हात. ग्लॉस लावलं तर वाचनालयाची ट्यूबलाइट बरोबर फुलावर चमकते. पाऊस चालू असताना व्हार्निश करू नका, हवेतल्या ओलीने ते दुधाळ पडतं आणि गडद भिंतीवर धुकं आल्यासारखं दिसतं. पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिमेकडून असतो. बाहेरची पश्चिम भिंत आतूनही घाम धरते, त्यामुळे चित्र आतल्या भिंतीवर लावा. दुसरी जागाच नसेल तर फळीच्या मागे चारी कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे ठेवा, हवा खेळली पाहिजे.

चित्र लावा, पण पट्टी लगेच लावू नका. आठ दिवस नुसतं चित्र राहू द्या. आपल्या भागात एक सोय आहे जी पुण्या-मुंबईकडच्या चित्रकाराला सहज मिळत नाही: अभंग पाठ नसलेला, पण मोगरा पुरेपूर ओळखणारा कन्नड शेजारी. मराठी माणूस पट्टी नसतानाही मनातल्या मनात ओळ म्हणतो आणि चित्रात नसलेलं पदरचं घालून बघतो. कन्नड शेजारी जे आहे तेवढंच बघतो. त्याला विचारा, काय चाललंय या चित्रात? ‘दुंडुमल्लिगे’ (कन्नडमध्ये मोगरा) एवढंच म्हणून तो गप्प झाला, तर तुम्ही नाम रंगवलंय. उमललेलं फूल अजून सावलीत ढकला, एका पायरीने गडद करा, आणि चांदणीच्या मागची भिंत आणखी उतरवा. नाहीच जमलं तर ते फूल पुसून त्याची कळी करा. मग पुन्हा आठ दिवस. ‘फूल कोणीतरी आत्ताच खुडून नेलंय, पण उद्या परत येणार दिसतात’ असं काहीसं तो म्हणाला, की त्याच दिवशी पट्टीचे दोन खिळे ठोका, चित्राच्या खाली दोन इंच सोडून.